खो दिला का? मग खाली बसा! खेळातले शब्द आणि आपला धंदा



मध्यंतरी असोद्याला गेलो होतो. जळगावला लागूनच आहे हे गाव. बहिणाबाई चौधरींचं माहेर, आणि भरिताच्या वांग्यांसाठी खान्देशभर नाव. तिथे एका बचत गटाच्या दहा-बारा महिला जमल्या होत्या. उडदाचे पापड, कुरडया, भरिताचा मसाला असा त्यांचा माल. माल एक नंबर, पण गट मोडायच्या बेताला आलेला.

कारण असं. गटाच्या ज्या मुख्य ताई, त्यांच्याच फोनवर ऑर्डर येणार. उडीद त्याच आणणार, गिरणीत त्याच जाणार, पॅकिंगवर नजर त्यांची, हिशोबाची वही त्यांच्या कपाटात. ऐन लग्नसराईत त्या तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. फोन उशाशी बंद पडलेला. लग्नाची एक मोठी ऑर्डर दुसरीकडे गेली. आता बाकीच्या म्हणतात, "ताई आम्हाला काही करूच देत नाही." ताई म्हणतात, "कोणी पुढे येतच नाही." दोन्ही बाजू खऱ्या बोलत होत्या, हीच तर पंचाईत.

मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने बोर्डावर लिहिलं, 'डेलिगेशन'. मग त्याचा अर्थ लिहिला, 'जबाबदारीचे हस्तांतरण'. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांत एक शिकलोय, सगळ्यांनी एकदम मान डोलावली की समजायचं, कोणालाच काही कळलेलं नाही.

मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या, "म्हंजे सर, ताईनं खो द्यावा, असंच नं?"

हशा पिकला. आणि मग जी चर्चा सुरू झाली, ती दीड तास थांबली नाही. मी मार्कर खाली ठेवला आणि ऐकत बसलो.

कारण बघा, खो-खो त्या सगळ्याच जणी शाळेत खेळलेल्या. या खेळाचे लेखी नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली बसवायला घेतले, खेळ त्याच्या कितीतरी आधीचा. नऊ जणांचा संघ. आठ जण रांगेत बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पळणाऱ्याच्या मागे. त्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, सुटला त्या दिशेकडून मध्येच मागे वळता येत नाही. म्हणजे एकट्याने कितीही जीव तोडून पळा, गडी हाती लागणं मुश्कील. खो दिल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही.

तिथे त्या बायकांनीच एकेक नियम काढला. एक म्हणाली, खो न मिळता उठलं तर फाउल. म्हणजे "कोणी पुढे येत नाही" या तक्रारीचं उत्तर मिळालं, कारण बसलेल्या जणी खोची वाट बघत होत्या. दुसरी म्हणाली, खो पाठीला हात लावून, मोठ्याने द्यायचा. "बघ गं जरा पॅकिंगचं" असं जाताजाता म्हटलं, तो काही खो नाही. आणि तिसरीने जे सांगितलं ते मी अजून प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. खो दिला की देणाऱ्याने लगेच तिच्या जागी बसायचं. उभं राहून "इकडून पळ, तिकडून पळ" करायचं नाही.

ताई गप्प झाल्या. काम वाटून द्यायला त्या तयार होत्या, खाली बसायला नव्हत्या. तुमच्यातले किती जण तयार आहेत? मी स्वतः नव्हतो. माझ्या व्हिडिओंचं एडिटिंग मुलाकडे सोपवून मी दोन वर्षं त्याच्या खुर्चीमागे उभा राहत होतो.

गंमत म्हणजे एरवी बोलताना 'खो घालणे' याचा अर्थ आपण उलटा लावतो. "त्याने माझ्या कामात खो घातला", म्हणजे आडकाठी केली. मला वाटतं, हा अर्थ पळणाऱ्याच्या बाजूने आला असावा. तो बिचारा निसटायच्या बेतात असतो आणि अचानक समोरून ताज्या दमाचा दुसराच उठतो. एकाच शब्दाकडे दोन संघ दोन बाजूंनी बघतात.

त्या दिवसापासून मला नादच लागला. आपल्या बोलण्यात खेळातले किती शब्द आहेत आणि त्यांच्या पोटात काय नियम आहेत, ते शोधायचा.

'राज्य' घ्या. नोकरी सोडून धंद्यात येणारा प्रत्येक जण म्हणतो, आता आपलंच राज्य! अहो, लपाछपीत राज्य कोणावर येतं आठवा. ज्याच्यावर राज्य, त्याने भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायचे आणि मग उन्हातान्हात सगळ्यांना हुडकत फिरायचं. बाकीचे आरामात लपून बसलेले. पोरं म्हणतात, "तुझ्यावर राज्य आहे." 'तुझ्याकडे' असं कोणीच म्हणत नाही. मालक झालात म्हणजे राज्य तुमच्यावर आलं. गिऱ्हाईक लपलेलं आहे, शोधायचं तुम्ही.

'कोलणे' हा शब्द विटी-दांडूतला. गल्लीवर आडवी ठेवलेली विटी खालून दांडू घालून लांब उडवायची, ते कोलणं. आज पोरं म्हणतात, "मी मेसेज केला, त्याने कोलला." म्हणजे किंमतच दिली नाही. व्हॉट्सॲपवर "रेट काय?" एवढंच विचारणारं गिऱ्हाईक आपल्याला फालतू वाटतं. आपण त्याला कोलतो. पण नियम लक्षात आहे ना? समोरच्याने विटी वरच्यावर झेलली तर कोलणारा बाद! आणि आपण उडवलेलं गिऱ्हाईक झेलायला शेजारचा दुकानदार हात पसरून उभाच असतो.

विटी-दांडूतली मोजणी तर त्याहून भारी. वकट, लेंड, मूंड, नाल, आईद, आर, वेद, झकू. गावागणिक उच्चार बदलतात, प्रत्येक आकड्याला विटी मारायची तऱ्हाही वेगळी. लहानपणी आपल्याला वाटायचं हे काहीतरी जादूचे शब्द आहेत. आता तेलुगू आकडे बघा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु. लागली ना लिंक? शाळेत एक पैसा तेलुगू न शिकलेली मराठी पोरं पिढ्यानपिढ्या तेलुगूच्या चुलत घराण्यातले आकडे मोजत आली. ना पुस्तक, ना जाहिरात. खेळताना तोंडात बसलं ते पुढच्याला दिलं, एवढंच.

आता याच्या उलट बाजू. बाजारातही एक गुप्त मोजणी होती. जुन्या लोकांना 'हत्ता' माहीत असेल. रुमालाखाली व्यापारी आणि दलाल एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. शेजारी उभ्या शेतकऱ्याला स्वतःच्याच मालाचा भाव कळायचा नाही. म्हणून तर बाजार समित्यांत उघड लिलावाचा आग्रह आला. मला आता असं वाटतं की आम्ही ट्रेनर लोक बोर्डावर जे इंग्रजी शब्द फेकतो, तोही एक रुमालच आहे. आतल्या दोघांना कळतं, बाकीचे माना डोलावतात.

हे फक्त आपल्याकडे नाही बरं का. अमेरिकेत आपल्या क्रिकेटसारखं बेसबॉलचं वेड. त्यांच्या मैदानी बोलीत, उंच उडालेला पण आरामात हातात येणारा झेल म्हणजे 'कॅन ऑफ कॉर्न', मक्याचा डबा. का? तर गोष्ट अशी सांगतात की जुना किराणावाला वरच्या फळीवरचा डबा काठीने पुढे ओढायचा आणि खाली एप्रनमध्ये अलगद झेलायचा. म्हणजे तिथे दुकान मैदानात शिरलं. आपले काही दुकानदार माळ्यावरचा पुडा खालच्या पोराच्या हातात टाकतात, अगदी तस्संच. आपण त्याला नाव नाही दिलं एवढंच.

दुसरा शब्द मैदानातून दुकानात गेला, आणि हा मात्र वहीत लिहून घ्या. 'रेन चेक'. १८८० च्या दशकात तिकडे पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकाला एक चिठ्ठी मिळू लागली, पुढच्या सामन्याला ही दाखवून आत या. नंतर दुकानदारांनी ही युक्ती उचलली. सेलमधला माल संपला तर रिकाम्या हाताने जाणाऱ्या गिऱ्हाइकाला चिठ्ठी. माल आला की याच भावात तुम्हाला मिळेल. आपल्याकडे काय होतं? "संपलं." आणि आपण परत मोबाईलमध्ये. ते गिऱ्हाईक पायपीट करून आलं होतं हो! एक कागदाचा तुकडा, त्यावर नाव, वस्तू, भाव आणि तुमची सही. खर्च शून्य.

भागीदारीत धंदा करणाऱ्यांसाठी एक गल्ली क्रिकेटचा नियम राहिलाच. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. भांडवल एकाचं आणि मेहनत दुसऱ्याची असेल तर हा नियम न बोलता लागू होतो. आणि आउट झाल्यावर तो बॅट घेऊन घरी गेला की सामनाच संपला. म्हणून बॅट कोणाची आणि ती मैदानावर किती दिवस राहणार, हे आधी कागदावर लिहा. यावर वेगळा व्हिडिओ करतोय, इथे लांबण लावत नाही.

असोद्याला निघताना त्या बायकांनी भिंतीवर एक कागद चिकटवला होता. ऑर्डर, उडीद, गिरणी, पॅकिंग, हिशोब अशी पाच कामं, आणि प्रत्येकासमोर दोन नावं: आज पळणारी आणि तिच्या खोची वाट बघणारी. ताईंचं नाव फक्त एकाच ओळीत होतं. हिशोबाच्या. ती वही कपाटातून बाहेर काढायला त्यांना अजून थोडा वेळ लागणार, हे मलाही दिसत होतं आणि बाकीच्यांनाही. कोणी काही बोललं नाही.

परवा भरिताच्या मसाल्याची चार पाकिटं मागवायला गटाच्या नंबरवर फोन केला. आवाज ताईंचा नव्हता. मी विचारलं, ताई कुठे आहेत? तब्येत बरी आहे ना?

"बरी हाये नं सर. ताई बसली आता, खो मले हाये. किती पाकिटं लिहू?"