खाली वस्ती आहे का?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण आपल्याकडच्या पाझर तलावाच्या जातकुळीतलं. उंची सुमारे ३८ फूट, लांबी ४०० फूट, मालकी खालच्याच अंगाला असलेल्या टोकोआ फॉल्स बायबल कॉलेजची. जुन्या लाकूड-दगडी बांधावर कॉलेजने विजेसाठी माती चढवत नेली. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली आणि तलाव उरला मासे धरायला. ज्या बांधातून दमडी मिळत नाही त्यावर कोण खर्च करणार? भरावावर झाडं वाढली. खालचा उतार जवळजवळ ४५ अंशांचा, म्हणजे मातीच्या कामाला फारच उभा. तो १९७३ मध्ये एका जागी घसरलाही होता. तळाचा विमोचक निकामी झाल्याने तलाव रिकामा करायचं म्हटलं तरी सोय नव्हती.

चार दिवसांच्या पावसानंतर ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे दीडच्या सुमारास भराव फुटला. पाणी १८६ फुटांच्या धबधब्यावरून थेट कॉलेजच्या आवारात कोसळलं. ३९ माणसं गेली.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर जॉर्जियाचेच. त्यांनी लष्कराच्या अभियंत्यांकडून देशभरातली केंद्र सरकारच्या मालकीची नसलेली सुमारे ८,८०० धरणं तपासून घेतली. त्यातली साधारण एक तृतीयांश असुरक्षित ठरली.

अमेरिकेत धरणांचे उच्च, लक्षणीय आणि कमी धोक्याची असे वर्ग पाडतात. हा शिक्का धरणाच्या तब्येतीचा नव्हे. फुटलंच तर खाली काय जाईल, त्याचा. उत्तम राखलेलं धरणही उच्च धोक्याचं असू शकतं. शिवाय बांधाला हात न लावता वर्ग बदलतो: खाली चार घरं उठली की झालं. घरं बांधतो एक, वर्ग चढल्यामुळे सांडवा मोठा करण्याचा खर्च येतो दुसऱ्याच्या अंगावर. खासगी मालक कां कूं करतो ते मला तरी समजतं.

पण शिक्का चुकला की काय होतं? हवाई राज्यातल्या काउआई बेटावरचं का लोको हे उसाच्या मळ्यांसाठी बांधलेलं जुनं मातीचं धरण पुढे खासगी मालकाकडे आलं. सरकारी दप्तरात नोंद ‘कमी धोका’. १४ मार्च २००६ रोजी ते फुटलं आणि सात जण वाहून गेले. सांडवा भर टाकून बुजवल्याचा आरोप मालकावर झाला. कमी धोक्याच्या धरणाकडे तपासनीस फिरकत नाही, ही खरी गोम.

आपला धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं सरसकट येतात. १० ते १५ मीटरमधलं धरण मात्र एखादी जादा अट पुरी केली तरच. माथ्याची लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर किंवा पूरविसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर, नाहीतर पायाची खास अडचण वा आगळी रचना. केली बार्न्सला ही मोजपट्टी लावून पाहा. उंची साडेअकरा मीटर, लांबी १२२ मीटर, फुटतानाचा साठा पावणेआठ लाख घनमीटरांच्या आसपास. आकड्यांवर ते बाहेरच राहतं. धोक्याची वर्गवारी कायद्यात आहे, पण ती आत आलेल्या धरणांची; आत घेण्याच्या अटींत खालच्या वस्तीचा उल्लेख नाही.