कॉम्प्युटर मधेच हँग होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

सकाळी नीट सुरू होतो. लाइट बिल भरून होतं, मुलाचं प्रोजेक्ट निम्मं टाइप होतं आणि मधेच स्क्रीन जागच्या जागी थिजते. बटण दाबून बंद करायचा, परत चालू करायचा. मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानात न्यावा तर तिथं शहाण्यासारखा चालतो, आणि उत्तर ठरलेलं असतं: "व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो की."

आमच्या घरात हे उत्तर महागात पडलं. फॉरमॅट झाला, त्यात आठ वर्षांचे फोटो आणि वडिलांनी स्कॅन करून ठेवलेले जमिनीचे उतारे गेले. पंधरा दिवसांत कॉम्प्युटर परत हँग व्हायला लागला. दोष हार्ड डिस्कमध्ये होता, आणि फॉरमॅट मारून तो जाण्यासारखा नव्हताच.

म्हणून पहिलं काम एकच. कॉम्प्युटर चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आधी कागदपत्रं, मग फोटो. सिनेमे राहिले तरी चालतील. त्याआधी चेक डिस्क चालवू नका. डिस्क मरायला टेकली असेल तर तेवढ्या ताणानंच ती कायमची बसू शकते.

दुसरं काम म्हणजे कीबोर्डशेजारी एक वही ठेवा. हँग झाला की तारीख, वेळ, काय उघडं होतं आणि माउस हलत होता का, एवढं लिहायचं. त्याच वेळी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे मशीन आतून जिवंत आहे, कशासाठी तरी खोळंबलंय. दिवा ढिम्म, आवाज एकाच सुरात 'र्रर्र' करत अडकलेला, माउसही मेलेला, तर संशय रॅम, वीजपुरवठा, मदरबोर्ड किंवा ग्राफिक्सवर जातो. माउस हलतो पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही आणि डब्यावरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला, तर डिस्कवर.

डिस्कचं थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या मशीनमध्ये हे फार वेळा निघतं आणि नुकसानही यातच मोठं. डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क तीच जागा परत परत वाचायचा प्रयत्न करते. तेवढा वेळ विंडोज वाट बघत बसतं. माउसला डिस्क लागत नाही, म्हणून तो फिरत राहतो. अर्ध्या-एक मिनिटानं सगळं आपोआप सुटलं तर हीच शक्यता जास्त. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवते. निळ्या रंगात 'गुड' असेल तर ठीक, पिवळ्यात 'कॉशन' दिसलं तर नवी डिस्क घ्यायची वेळ आली. त्यातल्या यादीत 'करंट पेंडिंग सेक्टर' हा आकडा शून्यच असायला हवा. 'सीआरसी एरर' वाढत असेल तर मात्र डिस्क बदलायची घाई नको; बऱ्याचदा डिस्कची केबल सैल किंवा खराब असते, आणि केबल स्वस्तात मिळते.

मशीन ठार थिजत असेल तर रॅम बघा. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. त्यात काही निघालं नाही म्हणून रॅम निर्दोष, असं समजू नका. मेमटेस्ट86 पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. एकही एरर आली तरी ती जास्तच. दोन पट्ट्या असतील तर एक काढून दोन-चार दिवस वापरा, मग दुसरी. गोव्यात आणि कोकणपट्टीच्या दमट, खारट हवेत रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो. आपल्याकडे बेळगाव, खानापूरच्या पावसाळ्यातही ओल कमी नसते. प्लग काढून, पॉवर बटण काही सेकंद दाबून, डब्याच्या धातूला हात लावून मगच रॅम काढा. सोनेरी भाग खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नका. ही दुकानदारांची जुनी युक्ती आहे आणि पुष्कळदा लागू पडते. लॅपटॉप असेल तर उघडायच्या भानगडीत पडू नका.

उष्णतेला लोक फार लवकर दोष देतात. प्रोसेसर तापला की आधी आपला वेग कमी करतो, आणि फारच तापला तर मशीन धाडकन बंद पडतं. नुसतं थिजणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नव्हे. ग्राफिक्स कार्ड किंवा मदरबोर्डचा भाग तापला तर मात्र तसं होतं. तरीही इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबादकडच्या वाचकांनी मे महिन्यात हे तपासावंच. एचडब्ल्यूइन्फोमध्ये साध्या कामातच प्रोसेसर 90 अंशांच्या वर दिसला तर पंख्यात धूळ आहे किंवा थर्मल पेस्ट वाळलीय. पंखा बोटानं धरून ब्रशनं धूळ काढा.

विजेकडे मात्र कुणी बघत नाही. फ्रिज किंवा बोअरची मोटर सुरू झाली की हँग होतो का? वहीत तशी नोंद सापडली तर वेगळ्या, अर्थिंग नीट असलेल्या प्लगवर लावून बघा. असेंबल केलेल्या मशीनमध्ये पैसे वाचवायचे म्हणून हलका एसएमपीएस बसवलेला असतो आणि तो चार-पाच वर्षांत दमतो. दुसरा लावून बघणं हाच खरा उपाय. जुना उघडून बघायचा मोह मात्र टाळा, बंद असतानाही आत झटका बसेल इतका चार्ज शिल्लक असू शकतो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्ट्री' शोधा. कोणत्या तारखेपासून लाल फुल्या सुरू झाल्या आणि त्याच्या आसपास काय नवीन बसवलं, ते दिसतं. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. नुसती स्क्रीन अडकली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. त्यानं सुटलं तर दोष तिकडेच शोधा. सेफ मोडमध्ये दिवसभर चाललं तर हार्डवेअरवरचा संशय बराच कमी होतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर 41' दिसलं की लोक घाबरतात. मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ. तुम्हीच बटण दाबून बंद केलं होतं ना! फोनवरून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एरर आहेत" म्हणणारे भामटे हीच लाल यादी दाखवून पैसे काढतात. आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून हँग होतोय, असं कुणी सांगितलं तर तेही खरं नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे, हँग होण्याचा नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान चार दिवस थांबा. रॅम पुसली, केबल बदलली, ड्रायव्हरही टाकला, तर नेमकं कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि परत बिघडला की पहिल्यापासून सुरुवात.

एवढं करूनही जमलं नाही तर दुकानात जाताना वही घेऊन जा. "हँग होतोय" याऐवजी "माउस हलत नाही, कॅप्स लॉक लागत नाही, एक रॅम काढून बघितली" असं सांगा. मशीन ठेवून येताना पावतीवर लिहून घ्या: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, बदललेला जुना पार्ट परत द्यावा.