मीटर सगळ्यात शेवटी वाचा

सिल्लोड भागात जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालेला जाणता शेतकरी आवर मीटरवर सौदा करत नाही. ‘दोन हजार तासच चाललाय, भाऊ,’ असं मालक म्हणाला की हा नुसता ‘बरं’ म्हणतो आणि वाकून क्लचचं पॅडल बघतो. पॅडलवरच्या रेघा गुळगुळीत झाल्या असतील, स्टिअरिंग चार बोटं नुसतंच फिरत असेल, ब्रीदर धूर ओकत असेल, तर दोन हजार हा आकडा त्याच्या लेखी संपला. मीटर बदलता येतं, केबल काढून ठेवता येते. पॅडल मात्र पायानंच झिजतं.

हीच नजर एका वेगळ्या वस्तूला लावून बघू. समजा, मुंबई-पुण्याकडची एक जाहिरात तुमच्यापर्यंत आली: ‘१९५९ची ट्रायम्फ टीआर३ए. दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. फक्त ३८,००० मैल. उत्तम स्थिती.’ फोटोत लालभडक रंग, तारेची चाकं, मागे दुमडलेलं कापडी टप. घ्यायची असो की नसो, अशी गाडी पारखतात कशी, हे टप्प्याटप्प्यानं समजून घेण्यासारखं आहे. सिल्लोडच्या माणसाला ते फार अवघडही जाणार नाही, कारण या गाडीचं इंजिन ट्रॅक्टरच्या भावकीतलं आहे.

भावकी कुठून आली?

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनीनं हॅरी फर्ग्युसनचा टीई२० हा राखाडी रंगाचा छोटा ट्रॅक्टर बनवायला घेतला. १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बाहेर पडले. सुरुवातीला त्यांना बाहेरून आणलेलं इंजिन होतं. मग स्टँडर्डनं आपलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलं आणि तेच आपल्या व्हॅनगार्ड मोटारीलाही दिलं. ट्रायम्फ ही कंपनी तेव्हा स्टँडर्डच्याच मालकीची होती. १९५३मध्ये ट्रायम्फची टीआर२ बाजारात आली, ती याच घराण्यातलं इंजिन घेऊन. जाहिरातीतली टीआर३ए ही तिचीच वारसदार. दोन कार्बोरेटर लावून त्याची ताकद ९० हॉर्सपॉवरपर्यंत नेलेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात बेल्जियममधल्या एका सरळ रस्त्यावर खास तयार केलेली टीआर२ ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगानं धावली.

फर्ग्युसनचा धंदा पुढे मॅसी-हॅरिसमध्ये मिळाला आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. १९६०मध्ये मद्रासला टाफे कंपनी उभी राहिली आणि तो ट्रॅक्टर आपल्या मक्या-कपाशीच्या रानात पोचला. आपल्या मॅसीचं डिझेल इंजिन वेगळं, पण घराणं एकच.

या इंजिनाची खुबी त्याच्या लायनरमध्ये आहे. गॅरेजवाले त्याला स्लीव्ह म्हणतात. इथे स्लीव्ह ब्लॉकमध्ये घट्ट ठोकलेली नसते. ती वरून बसवतात आणि इंजिनाचं पाणी तिला बाहेरून थेट भिडतं. त्यामुळे तोच ब्लॉक ठेवून नुसते लायनर-पिस्टन बदलले की इंजिनाचा आकार बदलतो. पिस्टनची वर-खाली धाव कायम ९२ मिलिमीटर. ट्रॅक्टरला ८५ मिलिमीटरचे लायनर दिले की चार सिलिंडरचे मिळून २,०८८ सीसी भरतात. शर्यतीत दोन लिटरच्या आतल्या गटात बसावं म्हणून टीआर२ला ८३ मिलिमीटरचे दिले, झाले १,९९१ सीसी. टीआर४ला ८६ मिलिमीटरचे दिले, झाले २,१३८. वहीत गुणाकार करून बघा, तंतोतंत जुळतं.

दुसरं एक नातं आपल्या रस्त्यांवरूनच गेलेलं आहे. मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स १९६०च्या दशकात स्टँडर्ड हेरल्ड बनवायची. बॉनेट, मडगार्ड, दिवे असा पुढचा सगळा भाग एकदमच पुढे उलटणारी ती छोटी गाडी. ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार १९६२मध्ये आली, ती हेरल्डचीच चेसिस आखूड करून. म्हणून हेरल्डवर हात बसलेला एखादा म्हातारा मिस्त्री ओळखीचा असेल, तर गाडी बघायला त्याला सोबत न्या.

आकडा तयार कसा होतो?

गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. तिथून एक लवचिक केबल निघून डॅशबोर्डवरच्या मीटरपर्यंत जाते. गाडी चालली की केबल स्वतःभोवती फिरते. तिच्या टोकाचं चुंबक फिरून वेगाचा काटा हलवतं आणि तिथलेच बारीक गिअर ती गती कमी करत करत आकड्यांच्या चकत्या पुढे ढकलतात. एवढाच हा कारभार.

आता खोट कुठे येते बघा. केबल तुटली तर गाडी पळते, आकडा जागच्या जागी. केबल मुद्दाम काढली तरी तेच. मीटर बिघडलं म्हणून दुसऱ्या गाडीचं बसवलं, तर आकडा त्या दुसऱ्या गाडीचा. शिवाय त्या काळच्या बहुतेक मीटरांत मैलांचे आकडे पाचच. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे ३८,००० दिसतात ते १,३८,०००ही असू शकतात.

जाहिरातीतला आकडा खरा धरून एक हिशेब करा. ३८,००० मैल म्हणजे सुमारे ६१,००० किलोमीटर. ६५ वर्षांत वाटले तर वर्षाला ५८५ मैल, महिन्याला ८० किलोमीटरही नाहीत. सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगरला महिन्यातून एक खेप केली तरी याहून जास्त भरतं. पण कुठलीच गाडी अशी समान हप्त्यांत चालत नाही. ती पहिली दहा-पंधरा वर्षं चालते आणि मग शेडमध्ये उभी राहते. तेव्हा मालकाला किती चालली हे विचारण्याआधी कधी चालली आणि कधीपासून उभी आहे, ते विचारा.

बाकीचे साक्षीदार

आधी पॅडलची रबरं बघा. ती घासलेली असतील तर ३८,००० मैल पटत नाहीत. कोरी करकरीत असतील तर नुकतीच बदललीत. मग पॅडलच्या खालच्या पिना आणि भोकं किती ढिली झालीत ते हलवून बघा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगची वरची बाजू, किल्लीचं भोक हे सगळं एकाच वयाचं दिसायला हवं. दार अर्धं उघडून वर उचला. बिजागरी खाली-वर खेळत असेल तर ते दार हजारो वेळा उघडलं गेलंय.

मग नट-बोल्ट. या गाडीत पाने इंचातले लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्या गॅरेजातला तेरा नंबरचा पाना त्या नटावर बसतो, पण सैल बसतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. म्हणून टॉर्च घेऊन इंजिनाच्या हेडचे, गिअरबॉक्सचे, मॅनिफोल्डचे नट निरखा. कोपरे शाबूत असतील तर इंजिनाला फारसा हात लागलेला नाही, किंवा जाणत्याचाच लागलाय. कोपरे गोल झाले असतील तर ‘कधी खोललंच नाही’ या वाक्याला अर्थ उरत नाही.

तारेची चाकं हा पुढचा साक्षीदार. चाक आणि हब एकमेकांत बसतात ते बारीक दातांवर, आणि मधोमध एकच मोठा नट. गाडी जॅकवर घ्या, एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक हातानं पुढे-मागे झटका. हब जागेवर आणि चाक मात्र ‘कट्-कट्’ करत हलत असेल, तर दात झिजलेत. चाकं आणि हब, दोन्हींचा खर्च धरा.

उभी राहिल्याचं दुखणं

कमी चाललेली गाडी म्हणजे कमी झिजलेली गाडी, हे अर्धंच खरं. झीज चालण्यानं होते, कुजणं उभं राहण्यानं. टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन जाम होतात. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या काळच्या रबरी नळ्यांना सोसत नाही. नळ्या बदललेल्या नसतील तर आधी त्या बदला. टायरवरची नक्षी भरपूर आहे म्हणून खूश होऊ नका, बाजूला चार आकडे शोधा. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या २३व्या आठवड्यातला.

मघाच्या लायनरकडे परत या. त्यांच्या बुडाशी गॅस्केट असतं. इंजिन वर्षानुवर्षं उभं राहिलं, पाणी बदललं गेलं नाही, की ते गंजतं आणि पाणी खाली ऑइलमध्ये झिरपतं. डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर स्टार्टरला हातसुद्धा लावू देऊ नका. ऑइल ठीक असेल तरी घाई नको. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, टॉप गिअर टाका आणि गाडी हातानं ढकला. इंजिन मोकळं फिरतंय याची खात्री झाली की मग बॅटरी. प्लग परत लावण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजनं मोजून घ्या. चार आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं.

बॅटरीचीही एक मेख आहे. आपल्या गाड्यांत मायनस बॉडीला जोडतात, या गाडीत मुळात प्लस बॉडीला असतो. सवयीच्या हातानं उलटी जोडणी झाली तर बिलात आणखी एक रकाना वाढतो.

पत्रा, चेसिस आणि नंबर

या गाडीची बॉडी वेगळ्या चेसिसवर बोल्टांनी बसवलेली असते. दारांखालचा पत्रा, पायाखालचा पत्रा आणि चेसिसचे कोपरे गंजाची आवडती ठिकाणं. समुद्राकाठी राहिलेल्या गाडीत जास्तच. मऊ फडक्यात छोटं लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. दाराच्या चौफेर फट सारखी आहे का बघा. वर रुंद आणि खाली चिंचोळी असेल तर बॉडी बसलीय किंवा कधी ठोकर खाल्लीय.

टीआर२, टीआर३ आणि टीआर३एच्या चेसिस नंबरच्या प्लेटवर आकड्याआधी ‘टीएस’ अशी अक्षरं असतात, टीआर४वर ‘सीटी’. प्लेटवरचा आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. गाडीचा नंबर कळवला आणि शुल्क भरलं की गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन कोणतं, याचं प्रमाणपत्र मिळतं. मूळ रंग हिरवा निघाला तर जाहिरातीतला लाल नंतरचा.

सरकारी कागद

गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. सिल्लोडकरांचं काम एमएच-२०च्या कार्यालयात. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी केंद्रानं जुलै २०२१मध्ये वेगळे नियम केले. नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी अजिंठ्याला सहज चक्कर मारायचा बेत असेल, तर ‘व्हीए’ घेण्याआधी हे नीट समजून घ्या.

एवढं सगळं बघून झालं की मग मीटर वाचा. पॅडल, नट, चाकाचे दात, ऑइल, पत्रा आणि कागद या सगळ्यांशी ३८,०००चा मेळ बसला, तर विसार द्यायला हरकत नाही. नाही बसला तरी गाडी वाईट ठरत नाही, फक्त ती ३८,००० मैलांच्या भावाची राहत नाही. आणि घेतलीच, तर पहिल्या सर्व्हिसिंगआधी इंचाच्या पान्यांचा एक सेट आणा. तेरा नंबरच्या पान्यानं नट गोल झाले, तर उद्या तुमच्याकडे गाडी बघायला येणाऱ्या माणसाला दाखवायला एक साक्षीदार कमी पडेल.