घर ओढावं की घर चालवावं?

‘कॅरव्हॅन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शूटिंगच्या ठिकाणी उभी असलेली हिरोची व्हॅनिटी व्हॅन, नाहीतर आत पलंग, बेसिन, शेगडी बसवलेली एखादी मिनीबस. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्या पेपरांतही दिसू लागला. पण इंग्लंडमध्ये कुणाला ‘मी कॅरव्हॅन घेतोय’ असं सांगितलंत, तर तो विचारेल, ‘ओढायला गाडी कोणती आहे?’ कारण तिकडे कॅरव्हॅनला इंजिनच नसतं. ती म्हणजे चाकांवरची खोली, मोटारीच्या मागे अडकवून न्यायची. इंजिन, स्टिअरिंग आणि घर एकाच चासीवर असेल तर त्याला म्हणायचं मोटरहोम.

हा फरक मला जरा खोलात जाऊन समजून घ्यावा लागला, त्याला कारण आमची आत्या. ती आणि आतोबा कॉव्हेंट्रीजवळ राहतात. आतोबा रिटायर झाले, मिळालेल्या पैशातली एक रक्कम त्यांनी फक्त फिरण्यासाठी बाजूला काढली आणि घरात भांडण लागलं. आतोबांना हवं मोटरहोम, आत्याला हवी कॅरव्हॅन. त्यात आतोबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, म्हणजे प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. खानदानात मेकॅनिकलचा मी एकटा, म्हणून पंच मी! (एस.ई.ला ‘थिअरी ऑफ मशीन्स’ने माझं काय केलं होतं, ते आत्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.)

थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. निव्वळ हौसेसाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून जिचं नाव घेतात ती ‘वाँडरर’. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने ती १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यात बनवून घेतली. ओढायला दोन घोडे. जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स हा चाबूक बनवणारा कारखानदार. धंद्यासाठी सतत फिरतीवर, आणि बायको चित्रकार. तिला बरोबर नेता यावं म्हणून १९३१ मध्ये त्याने मोटारीमागे ओढायची खोली तयार केली. त्याच्या नावाची कंपनी आजही आहे. म्हणजे नवराबायकोला एकत्र फिरता यावं म्हणून जी वस्तू जन्माला आली, तिच्यावरून आमच्याकडे नवराबायकोत अबोला!

आता मुद्द्याकडे. सगळे पहिला प्रश्न किमतीचा विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे : मुक्कामाला पोचल्यावर तुम्ही काय करणार? कॅरव्हॅन एकदा जागेवर लावली, पाय खाली सोडले, वीज-पाणी जोडलं, की मोटार मोकळी. मग दूध आणायला जा, किल्ला बघायला जा, अरुंद गल्लीतल्या हॉटेलात जेवायला जा. घर जागेवर राहतं. मोटरहोमचं उलटं. पोचलात की पाच मिनिटांत चहा, पाऊस असला तरी बाहेर उतरायची गरज नाही. पण दुसऱ्या दिवशी दूध आणायचं तर अख्खं घर आवरायचं, कप-बश्या कपाटात, केबल गुंडाळायची, आणि सात मीटर लांबीचं घर घेऊन दुकानात जायचं. थोडक्यात, आठ दिवस एका जागी राहून आसपास हिंडणाऱ्याने ओढावं, रोज नव्या गावी मुक्काम करणाऱ्याने चालवावं. बाकी सगळं या एका गोष्टीच्या आजूबाजूला फिरतं.

आतोबांचं म्हणणं, ‘ओढायची म्हणजे ती मागे हलणार, मला नको ती कटकट.’ ही भीती अगदी खरी आहे आणि तिचं उत्तर आपल्या बैलगाडीत आहे. गाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालच्या दोऱ्या आवळतात. म्हणून जाणता गाडीवान थोडा भार पुढे ठेवतो, जुवावर जरासा दाब येईल इतकाच. कॅरव्हॅनचं शास्त्र हेच! मोटारीच्या मागे ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा असतो, त्यावर कॅरव्हॅनचं तोंड बसतं. त्या गोळ्यावर खाली किती भार पडतो त्याला ‘नोजवेट’ म्हणतात. भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के तो असावा लागतो, आणि मोटार व गोळा यांच्यासाठी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चालत नाही.

नोजवेट कमी पडलं, म्हणजे गाडी उलाळ झाली, तर वेगात कॅरव्हॅन डावीउजवीकडे झुलू लागते. आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉली रस्त्यावर कशी शेपटासारखी हलते ते सगळ्यांनी पाहिलंय. फरक वेगाचा आहे. टायरचं घर्षण हे झुलणं शमवत असतं, पण वेग वाढतो तसं हे डॅम्पिंग कमी होत जातं. एका ठराविक वेगाला ते शून्य होतं आणि त्यापुढे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. जिममधल्या ट्रेडमिलवर मी खेळण्यातली मोटार दोऱ्याने बांधली, मागे पुठ्ठ्याचा ट्रेलर जोडला आणि त्यात नटबोल्ट ठेवले. वजन पुढे असताना ट्रेलरला टिचकी मारली, तर दोन झोक्यांत सरळ. तेच नटबोल्ट मागच्या टोकाला सरकवले आणि तशीच टिचकी मारली, तर चार-पाच झोक्यांत मोटारीसकट आडवा. ज्यांना मोमेंट ऑफ इनर्शिया फक्त व्हायवापुरती आठवते त्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

त्यातही नुसतं पुढे-मागे तोलून भागत नाही. ४० किलोची पेटी ऍक्सलपासून अर्ध्या मीटरवर ठेवली तर तिचा इनर्शिया १० किलोग्रॅम-मीटर वर्ग. तीच पेटी अडीच मीटर मागे ठेवली तर २५०. पंचवीसपट! तेवढीच दुसरी पेटी पुढच्या टोकाला ठेवून तोल साधला, तरी एकदा झुलू लागलेली कॅरव्हॅन थांबवणं अवघड. म्हणून जड सामान नेहमी ऍक्सलच्या आसपास आणि खाली. झुलायला लागलीच, तर ऍक्सिलरेटरवरचा पाय हळूच सैल करायचा, स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, ब्रेक दाबायचा नाही. ‘थोडा वेग वाढवला की सरळ होते’ हा कट्ट्यावरचा सल्ला ऐकू नये.

इंग्लंडमध्ये नवख्यांना आणखी एक ठोकताळा सांगतात : भरलेली कॅरव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. आतोबांची मोटार १५०० किलोची, म्हणजे १२७५ किलोपर्यंत. एवढ्यात दोघांसाठी पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर सगळं बसतं. ब्रेकची युक्ती तर मला फारच आवडली. मोटारीने ब्रेक लावला की कॅरव्हॅन आपल्याच वेगाने पुढे येऊन तिला ढकलते, त्या ढकलण्याने तोंडाजवळचा दट्ट्या आत जातो, तो सळी ओढतो आणि कॅरव्हॅनच्या चाकांचे ब्रेक लागतात. हायड्रॉलिक जोडणी नाही, काही नाही, जेवढा धक्का तेवढा ब्रेक. शिवाय एक बारीक तारेचा दोर असतो. कॅरव्हॅन सुटलीच तर तो आधी हँडब्रेक ओढतो आणि मग तुटतो.

मोटरहोमला हा झुलण्याचा प्रश्न नाही. तिथला चोर वेगळा, पेलोड. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून पुढे परीक्षा पास झालेल्यांना साध्या कार लायसन्सवर पेट्रोल-डिझेलची ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. आतोबांचं लायसन्स २००३ चं. त्यामुळे बहुतेक मोटरहोमं कागदावर बरोबर ३५०० किलोत बसवलेली. समजा, ड्रायव्हर धरून तयार गाडीच ३०५० किलो आहे. उरले ४५०. आत्या ६०, टाकीतलं पाणी १००, विजेच्या दोन सायकली आणि त्यांचा स्टँड ६५, छत्रीसारखा उघडणारा मांडव ३०, जादा बॅटरी आणि सोलर पॅनेल ४०. झाले २९५. राहिलेल्या १५५ किलोत गॅस, कपडे, भांडी, खुर्च्या, किराणा. आत्याचा प्रेशर कुकर, पोळपाट आणि दोन महिन्यांचं तिखट-मसाला मी यात धरलेलंच नाही! चौघांचं कुटुंब असेल तर हिशेब तिथेच मोडतो. शोरूममध्ये पलंग चार मोजून दाखवतात, किलो कुणी मोजत नाही.

ओढण्याच्या बाबतीत नियम उलट सैल झालेत. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, अर्थात मोटारीची स्वतःची मर्यादा पाळून. पण वेगाची मर्यादा कमी : मोटरवेवर मोटारीला आणि बऱ्याचशा मोटरहोमला ताशी ७० मैल, कॅरव्हॅन ओढणाऱ्याला ६०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवीकडची लेन बंद. यॉर्कशरमध्ये सटन बँक नावाचा एक चढ आहे, चारास एक. तिथे कॅरव्हॅनला बंदीच आहे.

आतोबांचं मन अडकलं होतं ते स्कॉटलंडच्या ‘नॉर्थ कोस्ट ५००’ मध्ये. इन्व्हरनेसहून निघून उत्तर किनाऱ्याला वळसा घालून परत, ५१६ मैल. त्यातले बरेच रस्ते एकपदरी. समोरून कुणी आलं तर बाजूच्या फुगवट्यात थांबून वाट द्यायची. तिथल्या बेलाख ना बा या ६२६ मीटर उंचीच्या घाटाच्या पायथ्याशीच पाटी आहे, शिकाऊ ड्रायव्हर, फार मोठी वाहनं आणि कॅरव्हॅन यांनी पहिल्या मैलापुढे जाऊ नये. म्हणजे रोज पुढे सरकायचं, रस्ता अरुंद, ओढणं गैरसोयीचं. इथे आतोबा बरोबर. फक्त त्यांनाही छोटंच मोटरहोम लागणार, मोठं तिथे तितकंच अडतं. आणि ‘वाटेत कुठेही झोपू’ हे स्वप्न तर दोघांनीही सोडून द्यावं. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू ठोकायची मुभा आहे, पण ती मोटारवाहनाला लागू नाही. युरोपात मात्र मोटरहोमची चैन आहे. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये गावोगावी त्यांच्यासाठी रात्रीपुरते तळ असतात, आणि तिथे कॅरव्हॅनला सहसा घेत नाहीत.

खर्चाचं लवकर आटपतो. नवं मोटरहोम नव्या कॅरव्हॅनच्या दुप्पट-तिप्पट जातं. त्याला दरवर्षी रोड टॅक्स, तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटी तपासणी. कॅरव्हॅनला दोन्ही नाही. आणि मोटरहोम घेतलं म्हणून रोजची मोटार कुणी विकत नाही, म्हणजे दोन इंजिनं पोसायची, त्यातलं एक वर्षातले दहा महिने उभं.

पण आमचा निकाल यातल्या कशानेच लागला नाही. आत्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, ‘हे बघ, रात्री दोन वाजता ह्यांच्या छातीत दुखलं तर?’

आधी अर्थातच ९९९ ला फोन. पण उत्तर टोकावरच्या डरनेसहून इन्व्हरनेस शंभर मैलांच्या आसपास आहे. तिकडून ‘रुग्णाला घेऊन अमुक ठिकाणापर्यंत या’ असं सांगितलं, तर कॅरव्हॅनच्या बाजूला आत्याची रोजच्या वापरातली मोटार उभी असते. किल्ली फिरवली की निघाली. मोटरहोममध्ये आधी केबल काढा, गॅस बंद करा, छताची झडप लावा, आणि मग काळोखात एकपदरी रस्त्यावर साडेतीन टन चालवा. ‘ते धूड मी दिवसासुद्धा चालवणार नाही,’ आत्या म्हणाली. आतोबा गप्प.

मी दुसरी बाजूही सांगितली. आतोबा आजारी पडले तर कॅरव्हॅन तिथेच राहणार, ती घरी आणायला कुणीतरी ओढणारा हवा. त्याची सोय ब्रेकडाउन विम्यात होते, पॉलिसी मात्र नीट वाचून घ्यायला हवी. आणि आत्यालाही कायद्याने ओढता येतंच. १९०७ साली स्थापन झालेला तिथला कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब ओढण्याचे, रिव्हर्स घेण्याचे वर्ग चालवतो. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे एकदा हाताला कळलं की झालं. नाहीच जमलं तर रिमोटवर चालणारी छोटी मोटर मिळते. ती चाकाला रोलर टेकवून कॅरव्हॅन जागेवर फिरवते.

शेवटी ठरलं ते असं : नॉर्थ कोस्ट ५०० साठी मे महिन्यात दोन आठवडे छोटं मोटरहोम भाड्याने, गाडी आतोबा चालवणार आणि मुक्काम रोज गावाजवळच्या साइटवर. बाकी सगळ्या फिरण्यासाठी दोघांपुरती जुनी कॅरव्हॅन विकत. जुनी घेताना इंजिनच नसल्यामुळे तपासायचं ते पाणी. भिंतींच्या जोडांतून ओल शिरली की आतली लाकडी चौकट कुजते आणि वरून काही दिसत नाही, म्हणून ओल मोजणारं यंत्र घेऊन प्रत्येक कोपरा बघायचा. पहिल्या दोन कॅरव्हॅन आत्याने तिथेच नाकारल्या.

तिसरी घेतली, भरून १२०० किलोची. तोंडाखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवून नोजवेट मोजलं, ते ४८ किलो निघालं. पाहिजे ६० ते ८४. मी इथून विचारलं, ‘आत्या, मागच्या कपाटात काय ठेवलंय?’ कुकर, पोळपाट आणि मसाल्यांचे डबे निघाले. ते ऍक्सलच्या थोडं पुढे, पलंगाखाली हलवले. काटा ७२ वर आला.