प्रोसेसर व मदरबोर्ड यांची सोयरीक

जुना संगणक टाकून न देता त्यातला प्रोसेसर तेवढा बदलावा, हा विचार काटकसरीचा आहे व आम्हांस तो मान्य आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबविला. विंडोज ११ला इंटेलचा प्रायः आठव्या पिढीचा वा पुढचा प्रोसेसर लागतो, आणि कित्येकांच्या घरी यंत्र असते सहाव्या-सातव्या पिढीचे. तेव्हा खामगाव-मलकापूरकडील एखादा गृहस्थ आठव्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर स्वस्तात शोधू लागतो. सॉकेटचा क्रमांकही जुळतो, दोन्हीकडे ११५१. तो बसविला तर बसतोही बिनतक्रार. पण पडदा काळाच राहतो.

असे का व्हावे? ज्याने हातात पाना धरला आहे त्यास हे फार समजावून सांगावे लागत नाही. दोन बोल्ट एकाच जाडीचे दिसतात, नट एकदोन फेरे चढतो आणि अडतो, कारण आटे निराळे. ११५१ हा नुसता पिनांचा आकडा. २०१७ साली इंटेलने आठव्या पिढीसाठी त्यांतील काही पिनांकडे वीजपुरवठ्याचे काम नव्याने सोपविले, आणि ही पिढी ३०० मालिकेच्या चिपसेटवरच, म्हणजे बोर्डावरील कारभारी चिपवरच, चालेल असे ठरविले. एच ११० किंवा बी २५० बोर्डाची धाव सातव्या पिढीपर्यंतच. पुढे हौशी लोकांनी फेरफार करून जुन्या बोर्डांवरही हे प्रोसेसर चालवून दाखविले. तेव्हा मनाई तांत्रिक किती व व्यापारी किती, हे विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

विचारल्याने उत्तर मिळते, याचाही दाखला आहे. एएमडीचे सॉकेट एएम ४. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की येणारे झेन ३ प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. बायोसच्या चिपमध्ये जागा अपुरी, हे कारण. (बायोस म्हणजे यंत्र सुरू होताच बोर्डास जागे करणारी आज्ञावली.) ग्राहकांनी एकमुखाने ओरड केली, आणि त्याच महिन्यात निर्णय फिरला. २०२२ साली तर ३०० मालिकेलाही वाट मोकळी झाली. विखुरलेल्या, एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांनी हे साधले!

आता व्यवहार. बोर्डाचे नाव बोर्डावरच छापलेले असते. ते पाहून बोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरांची यादी उघडावी. तीत प्रत्येकापुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. बायोस नवे करावयाचे ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचे भय असते, म्हणून घाटावर काय अन् घाटाखाली काय, यूपीएस लावूनच हे काम करावे. यादीत नाव नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, पैसे काढू नयेत. नवा बोर्ड घ्यावा तर जुनी डीडीआर ३ रॅमही बहुधा बाद होते, आणि काटकसरीचा हिशेब तिथेच कोलमडतो. त्यापेक्षा प्रोसेसर आहे तोच ठेवून हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी व वर लिनक्स चढवावे. मुलांचा अभ्यास, सातबारा काढणे, अर्ज भरणे ही कामे त्यावर आणखी काही वर्षे सुखाने होतात.