औषधावरील विश्वास कोणी राखावयाचा?

परभणीच्या मोंढ्यात कापूस घेणारा व्यापारी धागा ताणून पाहतो. ज्वारी घेणारी गृहिणी दाणा दाताखाली धरते. औषध मात्र घेणाऱ्याला पारखता येत नाही. कोणते घ्यावे हे डॉक्टर ठरवितात, ते शुद्ध असल्याची ग्वाही कारखाना देतो आणि ही ग्वाही खरी की खोटी हे सरकारने पाहावयाचे असते. रोग्याने पैसे द्यावयाचे आणि विश्वास ठेवावयाचा. हा विश्वास कोठे ढळतो, ते आपण पाहू.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत १४ रोगी दगावले. त्यांना औषध म्हणून ग्लिसरीन देण्यात आले होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. हा पदार्थ ग्लिसरीनसारखाच गोड व दाट. कारखान्यांत तो उपयोगी पडतो. पोटात गेला की मूत्रपिंडे निकामी करतो. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. १९८८ साली तिचा अहवाल लोकांपुढे आला, तेव्हा दोष एकट्या पुरवठादाराचा नाही हे उघड झाले. खरेदी, तपासणी, परवाने, वरून येणारा वशिला, अशी साखळीची कडी न् कडी सैल होती.

हे विष जगाला नवे नव्हते. अमेरिकेत १९३७ साली त्याने शंभरावर बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. आपल्याकडे मात्र २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात सरकारी तपासणीत हेच विष सापडले.

विषारी औषध ही टोकाची गोष्ट झाली. रोजचा धोका आहे तो शुद्ध, पण अनावश्यक औषधाचा. कंपनीचा प्रतिनिधी बॅग घेऊन दवाखान्यात येतो, नमुने देतो, आपल्या मालाचे गुण सांगतो. त्याचे पोट विक्रीवर असते. त्याला दोष देऊन भागणार नाही. पण भेटवस्तू आणि सहली यांची वाट एकदा पडली की, चिठ्ठीवर रोग्याच्या गरजेबरोबर कंपनीची गरजही उतरते. १९७५ साली हाथी समितीने ११७ औषधे अत्यावश्यक म्हणून निवडली होती. बाजारात मात्र निरनिराळी औषधे एकत्र केलेल्या गोळ्यांचे पीक आले. २०१६ साली सरकारला अशी ३४४ मिश्रणे एकदम बंद करावी लागली. डॉक्टरांनी भेटी घेऊ नयेत असा नियम २००९ साली झाला. अशा भेटींचा खर्च दाखवून कंपन्यांना प्राप्तिकरात सवलत घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले.

याची किंमत अखेर शरीर मोजते. वेदनाशामक गोळी वरचेवर घेतल्याने जठराला व्रण पडतो, मूत्रपिंडांना इजा होते. सर्दीसाठी घेतलेले जंतुनाशक औषध सर्दीला तर लागू पडत नाहीच, उलट जंतूंना मात्र सराव होतो आणि खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध निरुपयोगी ठरते.

मग आपण काय करावयाचे? औषधांना घाबरून मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी मनाने बंद करणे हा तर आत्मघात होय. पण ‘हे औषध कशासाठी? किती दिवस? याच्यावाचून चालेल का?’ एवढे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. दुकानातून पावती घ्यावी, तीवर बॅच क्रमांक आहे ना ते पाहावे. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या मुलास चालवू नये. आणि आपल्या जिल्ह्यात औषधांचे किती नमुने तपासले गेले, हे नागरिकांनी सरकारला विचारीत राहावे. लेंटिन आयोगाने दाखविलेली साखळी वरून आपोआप घट्ट होत नाही. खालून कोणीतरी ती ओढून पाहावी लागते. ते काम आपले आहे.