शेक घेतलेल्या माणसाचं ताट वेगळं कशाला?

खोपोलीहून एसटीने पनवेल, तिथून लोकलने खारघर. कर्जतकर कल्याणमार्गे परळ गाठतात. शेक म्हणजे रेडिएशन घेणाऱ्या कर्जत-खालापूरच्या अनेक कॅन्सर पेशंटांची ही वाट, आठवड्यातले पाच दिवस, काही आठवडे. दमून घरी आलं की कुणीतरी कानात सांगतंच, "ताट-वाटी वेगळी ठेवा, नातवंडांना जवळ घेऊ नका, अंगात किरणं असतात."

यंत्राने बाहेरून शेक घेणाऱ्याबाबत हे साफ चूक आहे. यंत्रातल्या कोबाल्ट-60 चे गॅमा किरण शरीरातून आरपार जातात किंवा तिथेच शोषले जातात, साठून राहत नाहीत. शरीर किरणोत्सर्गी करण्याइतकी ऊर्जाही त्यांच्यात नसते. खोलीबाहेर पडल्या पडल्या आजोबांनी नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.

दुसरी भीती आतून भाजण्याची. एका वेळचा नेहमीचा डोस साधारण 2 ग्रे (ग्रे हे डोसचं एकक). तेवढ्याने पाणी किती तापेल? एका अंशाचा दोन हजारावा भाग! काम उष्णतेचं नाहीच. किरण पेशींमधला डीएनए तोडतात. निरोगी पेशी मधल्या वेळात बऱ्यापैकी सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणून तर डोस थोडा थोडा, रोज. त्वचा काळवंडणं, तोंडाला कोरड पडणं हे त्रास मात्र खरे आहेत आणि ते शेक दिलेल्या भागावर अवलंबून असतात.

हे सगळं परदेशी तंत्र, असंही समजू नये. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट यंत्र पहिल्यांदा बसलं ते आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात. कोबाल्टचा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, मग तेवढ्याच डोसला दुप्पट वेळ लागतो. आता बऱ्याच ठिकाणी लिनॅक यंत्र असतं. त्यातून निघतात ते गॅमा नव्हे, विजेवर तयार केलेले एक्स-रे.

मग ती भीती आली कुठून? तिच्यात थोडं तथ्य आहे, पण वेगळ्या तपासण्या-उपचारांपुरतं. हाडांच्या स्कॅनला टेक्निशियमचं इंजेक्शन देतात, तेव्हा गॅमा किरण पेशंटच्या अंगातूनच निघतात. पण दर सहा तासांनी ते निम्मे होतात, दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो. थायरॉइडच्या कॅन्सरला देतात ते आयोडीन-131 जास्त चिवट, निम्मं व्हायला आठ दिवस घेतं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963 पासून अशा अणुऔषधांचं काम चालतं. मोठा डोस दिलेल्या पेशंटला आधी वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी सोडतानाही लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून काही दिवस लांब राहायला सांगतात. तिथे हयगय नको.

बाहेरून दिलेले किरण साठत नाहीत याची खूण हवी असेल, तर मेडिकलमधून आणलेल्या निर्जंतुक सामानाचं पाकीट निरखून पाहा. 'स्टराइल' शब्दाशेजारी 'आर' असेल तर ते किरणांनी निर्जंतुक केलेलं आहे. ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात 1974 पासून गॅमा किरणांनी हे काम होतं. डोस असतो साधारण 25 हजार ग्रे, तरी माल किरणोत्सर्गी होत नाही.

तेव्हा घरच्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारावं: शेक बाहेरून आहे की औषध पोटात किंवा शिरेतून दिलंय? बाहेरून असेल तर ताट एकत्र वाढा, आणि गाडी चुकली किंवा घरात लग्न निघालं म्हणून शेकाचा दिवस बुडवू नका. मध्ये खंड पडला की कॅन्सरच्या पेशींना वाढायला फुरसत मिळते.